ऊकपिक वॉल्ट्झ: इतकीही जुनी नाही

संथ चाल, तीन मात्रांचा झोका, किंचित उदास सूर. कॅनडात फिडलवाले, म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिनवादक, जमले की ही हमखास निघते. ऊकपिक वॉल्ट्झ, वॉल्ट्झ नाचाची चाल. कित्येक जण तिला पारंपरिक समजतात. पण ती ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रँकी रॉजर्स या फिडलवादकाने बांधली, 1960 च्या दशकात.

काळाचा माग नावातच लागतो. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट या मूळ रहिवाशांच्या इनुक्टिटुट भाषेत ऊकपिक म्हणजे हिमघुबड. उत्तर क्विबेकमधल्या फोर्ट चिमोच्या, म्हणजे आजच्या कुजुआकच्या, इनुइट सहकारी संस्थेतून सीलच्या कातड्याची एक घुबड-बाहुली आली. जीनी स्नोबॉल यांनी घडवलेली. गुबगुबीत अंग, भलंमोठं डोकं, टपोरे डोळे. 1963 मध्ये फिलाडेल्फियाच्या व्यापार मेळ्यात कॅनडाने ती मांडली आणि ऊकपिकचं वेडच लागलं. इनुइट संगीताशी मात्र या चालीचं नातं नावापुरतंच.

मग कर्ता हरवला कुठे? या चाली कानांनीच शिकल्या जातात. एकाने वाजवायची, दुसऱ्याने उचलायची. सूर टिकतात, नाव झिजतं. काही वह्यांत तर 'उटपिक' असंच लिहिलेलं सापडतं. कर्त्याची जागा रिकामी दिसली की तिथे 'पारंपरिक' हा शब्द येऊन बसतो.

आता ही चाल वाजवणाऱ्याच्या गजाकडे पाहा. दर मात्रेला एक फटका घेतला, तर पहिलं आवर्तन खाली जाणाऱ्या गजाने सुरू होतं आणि दुसरं वर येणाऱ्या. सम एकदा भरीव, एकदा पोकळ. नाचणाऱ्याचं पाऊल तिथेच अडखळतं. म्हणून पहिल्या दोन मात्रा एकाच गजात, मुठीकडून टोकाकडे. तिसरी परतीच्या गजात. पण यातही मेख आहे. दोन मात्रांत गेलेलं अंतर एका मात्रेत कापायचं, म्हणजे गज दुप्पट वेगाने परततो आणि तिसरी मात्रा उगाच ओरडते. परतताना तर्जनीचा दाब काढून घ्यायचा, बस्स.

हे बारकावे स्पर्धेतही उघडे पडतात. ऑन्टारियोतल्या शेलबर्नला 1951 मध्ये फिडलची स्पर्धा सुरू झाली. तिथे वॉल्ट्झ आणि जिग व रील या जलद नाचाच्या चाली असे तिन्ही प्रकार वाजवावे लागत. जिग-रीलच्या वेगात खपून जाणारा कच्चा गज वॉल्ट्झच्या लांब सुरात लगेच ऐकू येतो.

कार्यक्रमपत्रिकेत ही चाल छापायची असेल, तर 'पारंपरिक' खोडा. तिथे लिहा: फ्रँकी रॉजर्स.