मान आत्ता उघडायची की नंतर?

[दृश्य: ओपीडीतली खुर्ची. रुग्णाचा चेहरा दिसत नाही. फक्त त्याची मान आणि डॉक्टरांची बोटं.]

निवेदन:

बोटं आधी हनुवटीखाली जातात. मग जबड्याच्या कडेनं कानाखाली, तिथून मानेच्या जाड स्नायूच्या आड, आणि खाली हासळीच्या हाडापर्यंत. आधी डावीकडे, मग उजवीकडे. बोटांना काही लागत नाही. डॉक्टर केसपेपरवर लिहितात: मानेत गाठ नाही.

तोंडाच्या कॅन्सरवरचा एक जुना आणि चिवट वाद या तीन शब्दांपाशी सुरू होतो.

माणूस आलेला असतो जिभेच्या कडेला न भरणारी जखम घेऊन. किंवा गालाच्या आतून, जिथं वर्षानुवर्षं तंबाखूचा बार धरला त्याच जागी, काहीतरी खरखरीत लागतं म्हणून. तुकडा काढून तपासतात, कॅन्सर निघतो. जखम लहान आहे, चार सेंटीमीटरच्या आतली. ती काढून टाकायची, भोवतालचा चांगला भागही थोडा घ्यायचा, इथपर्यंत कुणाचं दुमत नाही.

प्रश्न मानेचा आहे. तोंडातला कॅन्सर पसरताना बहुधा आधी मानेत उतरतो. तिथं वाल-वाटाण्याएवढ्या लसिकाग्रंथी शेकडोंनी असतात, त्यांतल्या एखादीत चार पेशी जाऊन बसतात. त्या बोटाला लागत नाहीत, सोनोग्राफीत दिसतीलच असंही नाही. पण मान निर्दोष वाटणाऱ्या अशा दहा जणांत साधारण तिघांच्या मानेत कॅन्सर आधीच पोचलेला असतो. कुठले तीन, ते बाहेरून कळत नाही.

मग जीभेबरोबर मानही उघडून त्या ग्रंथी काढायच्या? म्हणजे तिघांसाठी दहांच्या मानेला चीर. की वाट बघायची, रुग्णाला दर महिन्याला बोलवायचं, आणि गाठ आली तरच मान उघडायची?

[दृश्य: परळ. सकाळी साडेसात. फूटपाथवर पथारी गुंडाळणारी कुटुंबं, हातात फायलींच्या पिशव्या.]

परळच्या या रस्त्याचं नाव आहे डॉ. ई. बोर्जेस मार्ग. अर्नेस्ट बोर्जेस मूळचे गोव्याचे, इथल्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाचे नावाजलेले सर्जन. रस्त्याला नाव त्यांचं असलं तरी टॅक्सीवाल्याला सांगताना सगळे एकच शब्द वापरतात: टाटा. गावाकडं तर 'त्याला टाटाला नेलंय' एवढं वाक्य पुरतं. पुढचं कुणी विचारत नाही.

हे रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडलं. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, त्या दुःखातून त्याची कल्पना निघाली. 1962 साली ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं. रुग्णालय आणि अणुऊर्जा, जोडी विचित्र वाटते. पण रेडिएशन, ज्याला आपले लोक 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, ते कुठून येतं हे लक्षात घेतलं की विचित्र राहत नाही.

पण आजची गोष्ट मशीनची नाही. कुठल्याही नव्या औषधाशिवाय, नव्या यंत्राशिवाय, फक्त एक प्रश्न नीट विचारून काय हाती लागतं, त्याची आहे.

[दृश्य: जुनं वैद्यकीय रेखाचित्र. मानेतले स्नायू, शिरा, नस.]

मानेतल्या ग्रंथी सरसकट काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे सर्जन जॉर्ज क्राइल यांनी 1906 साली मांडली. ती जबर होती. ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांद्याला हलवणारी नस, सगळंच जायचं. माणूस वाचला तरी खांदा उतरलेला आणि एक बाजू बसलेली. पुढच्या पिढ्यांतल्या सर्जनांनी ती आवरती घेतली. नस वाचवायची, स्नायू वाचवायचा, आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा मानेचे वरचे तीनच कप्पे साफ करायचे. तरीही ती शस्त्रक्रियाच. तास वाढतात, खर्च वाढतो, खांदा काही महिने कुरकुरतो.

म्हणून जगभर दोन तट होते. एक म्हणे, आत्ताच काढा. दुसरा म्हणे, उगाच कशाला? दोन्हीकडे मोठे सर्जन, आणि दोन्हीकडे पुरावा तोकडा. फ्रान्स, ब्राझील, हाँगकाँग इथं चाचण्या झाल्या, 1980च्या दशकात टाटामध्येही एक झाली. पण प्रत्येक ठिकाणी रुग्ण इतके कमी की निकाल कुठल्याही बाजूला ओढावा.

मोठी चाचणी करायची तर एकाच छपराखाली, एकाच पद्धतीनं उपचार घेणारे, सुरुवातीच्या टप्प्यातले शेकडो रुग्ण हवेत. एवढे तोंडाचे कॅन्सर पाश्चात्त्य देशांतल्या एका रुग्णालयात कुठून येणार? परळमध्ये ते येतात. यात अभिमान बाळगण्यासारखं काही नाही. भारतीय पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचाच, आणि देशात दरवर्षी सव्वा लाखाहून जास्त नवे रुग्ण.

[दृश्य: तळहातावर तंबाखू मळणारा अंगठा. चुन्याची डबी.]

कारण या तळहातावर आहे. 2016-17च्या पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांतले ओढणारे थोडे, चघळणारे आणि लावणारे फार. आपल्याकडं विडी ओढणाऱ्या बाईकडं लोक वळून बघतात, पण सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी लावणारी आजी घरातलीच असते, तिला व्यसनी कोण म्हणणार? गुटख्यावर राज्यानं जुलै 2012 मध्ये बंदी घातली. पुड्या कुठं मिळतात, ते शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे.

[दृश्य: ऑपरेशन थिएटरबाहेरचा लाल दिवा.]

2004 साली डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटामध्ये ही चाचणी सुरू केली. लहान जखम, एका बाजूची, मानेत गाठ लागत नाही, असे रुग्ण. कुणाची मान आत्ता उघडायची आणि कुणाची नाही, हे डॉक्टर ठरवणार नाही, रुग्णही ठरवणार नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं ते ठरणार. एका गटाची मान जिभेच्या किंवा गालाच्या शस्त्रक्रियेबरोबरच उघडली जाईल. दुसऱ्या गटाची तेव्हाच, जेव्हा गाठ येईल.

हे रुग्णाला कसं समजावत असतील, याचा विचार करून बघा. समोर विदर्भातला शेतकरी बसलाय किंवा उत्तर प्रदेशातून आलेला मजूर. 'दोन रस्ते आहेत, कुठला चांगला ते आम्हालाच ठाऊक नाही, म्हणून आम्ही नशिबावर सोडतोय.' आपल्याकडं डॉक्टरला देव म्हणायची सवय. देवानं 'मला माहीत नाही' म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानं त्यावर सही करायची. कॅन्सरच्या डॉक्टरकीत चाकू धरण्याहून हे अवघड असावं.

आणि नंतर रुग्ण परत आलेही पाहिजेत. पहिले सहा महिने दर चार आठवड्यांनी. रेल्वेचं तिकीट, बुडालेली मजुरी, सोबतीला एक माणूस. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरचे रुग्ण नातेवाइकांसह राहतात. अशी धर्मशाळा, फूटपाथ, कुणातरी लांबच्या भाच्याची चाळीतली खोली, असल्या आधारावर ही चाचणी दहा वर्षं चालली. संशोधनाच्या निबंधात त्याला एकच शब्द असतो, फॉलोअप.

2014 साली चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीनं आकडे बघितले आणि नवे रुग्ण घेणं थांबवायला सांगितलं. वाट बघणाऱ्या गटात मृत्यू जास्त होत होते. आता चिठ्ठी टाकणं योग्य राहिलं नव्हतं.

पहिल्या 500 रुग्णांचा हिशेब असा. मान लगेच उघडलेल्यांपैकी तीन वर्षांनी जिवंत होते 80 टक्के. वाट बघितलेल्यांपैकी 67.5 टक्के. आजार परत न येता राहिलेले पहिल्या गटात 69.5 टक्के, दुसऱ्यात 45.9. सोप्या भाषेत, आठ जणांची मान वेळेत उघडली तर एक मृत्यू टळतो.

वाट बघण्यात नेमकं काय बिघडत होतं? मानेत गाठ लागेपर्यंत कॅन्सर पुढं गेलेला असायचा, अनेकदा ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर. मग शस्त्रक्रिया करूनही हाती काही लागायचं नाही. सोनोग्राफीनं तो लवकर पकडता येईल अशी आशा होती, म्हणून चाचणीत तोही भाग होता. फरक पडला नाही.

31 मे 2015 रोजी शिकागोला अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत डॉ. डिक्रूझ यांनी हे मुख्य सत्रात मांडलं. तिथं बहुधा नव्या औषधांच्या चाचण्या मिरवतात. एका जुन्या शस्त्रक्रियेची वेळ कुठली, एवढंच सांगणारा निबंध तिथं मांडला जाणं दुर्मीळ. त्यानंतर सर्जनांचा बहुतेक वाद मिटला.

[दृश्य: पुन्हा ओपीडी. एक माणूस तोंड उघडायचा प्रयत्न करतो. जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडतं.]

पण हा निकाल कामाचा कुणाला? जो लवकर आला त्याला. परळच्या ओपीडीत तसे कमीच. बहुतेक जण येतात तेव्हा तोंड उघडत नाही, गालातून बाहेर जखम आलेली, मानेत गाठ डोळ्यांनाच दिसते. आधी गावातल्या डॉक्टरनं दाताचं दुखणं म्हणून गोळ्या दिल्या, मग कुणी झाडपाल्याचा लेप सांगितला, आणि चार महिने असेच गेले.

काहींचा आजार सगळे उपचार होऊनही उलटतो. त्यांच्यासाठी शिरेतून महागडी केमो, त्यासाठी पलंग अडवायचा, उलट्या, रक्तातल्या पेशी कमी होणं. टाटामधल्या केमोच्या डॉक्टरांनी, डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी, इथंही असाच साधा प्रश्न विचारला. जुन्या, स्वस्त गोळ्या थोड्या थोड्या मात्रेत, न थांबता दिल्या तर? आठवड्याला मेथोट्रेक्सेट, रोज दोनदा सेलेकॉक्सिब. पहिलं औषध संधिवाताच्या रुग्णांना ओळखीचं, दुसरं सांधेदुखीला देतात. 422 रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल 2020 साली आला. शिरेतून सिसप्लॅटिन ही केमो घेणारे निम्मे रुग्ण 6.1 महिन्यांपुढं जगले, गोळ्या घेणारे निम्मे 7.5 महिन्यांपुढं. घरी राहून, कमी त्रासात.

दीड महिना. एवढंसं ऐकून कुणी नाक मुरडेल. मुरडू द्या. मुलीचं लग्न दीड महिन्यावर आलंय, असं सांगणारा बाप दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या ओपीडीत असतोच.

मग आली इम्युनोथेरपी, जिच्या मुळाशी असलेल्या शोधाला 2018चं नोबेल मिळालं. आपल्या लढाऊ पेशींना शरीर एक ब्रेक लावून ठेवतं. कॅन्सर तो ब्रेक दाबून धरतो, औषध तो सोडवतं. त्यातलं एक औषध निवोलुमॅब, नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम. किंमत अशी की शेत विकलं तरी पुरं पडू नये.

इथंही मात्रेचाच प्रश्न. पेशींवर औषध चिकटायच्या जागा अगदी थोड्या औषधानंही बहुतेक भरतात, हे सुरुवातीच्या अभ्यासांतच दिसलं होतं. मग टाटामध्ये 151 रुग्णांवर चाचणी झाली. सगळ्यांना गोळ्या, आणि त्यांतल्या निम्म्यांना वर दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब. हिशेब केला तर नेहमीच्या मात्रेच्या सहा टक्क्यांहूनही कमी. एका वर्षानंतर नुसत्या गोळ्यांच्या गटात 16.3 टक्के जिवंत होते, निवोलुमॅबही मिळालेल्या गटात 43.4 टक्के.

एक गोष्ट इथं स्पष्ट सांगायला हवी. कमी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चालते, असं या चाचणीनं सिद्ध केलेलं नाही. तुलना पूर्ण मात्रेशी नव्हतीच. कारण पूर्ण मात्रा परवडणारे इथं मोजकेच, आणि बाकीच्यांच्या वाट्याला आजवर शून्य मात्रा येत होती. शून्यापेक्षा 20 मिलिग्रॅम किती बरं, याचं उत्तर मिळालं. कुठली औषध कंपनी हा प्रश्न स्वतःहून विचारायला जाईल असं मला तरी वाटत नाही.

[दृश्य: भिंत. एक हात बोटांनी भिंतीवर वर चढतोय.]

मानेच्या प्रश्नाकडे परत येऊ, कारण तोही तिथंच थांबलेला नाही. दहांतल्या सात जणांच्या मानेत काहीच निघत नाही, हे आजही खरं आहे. फ्रान्स आणि जपानमधल्या डॉक्टरांनी दुसरा मार्ग तपासला. जखमेभोवती किरणोत्सर्गी द्रव्य टोचायचं, ते ज्या ग्रंथीत पहिल्यांदा पोचेल तेवढ्याच काढून तपासायच्या, आणि त्यांत कॅन्सर निघाला तरच बाकीची मान उघडायची. दोन्ही चाचण्यांत या मार्गानं जगण्यात तोटा झाला नाही. पण त्याला न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग हवा, आणि एकेका ग्रंथीचे बारीक बारीक काप तपासायला सवड असलेला पॅथॉलॉजिस्ट हवा. जिल्ह्याच्या ठिकाणी यातलं कुठलं आहे?

तोवर मान उघडली जाते, आणि टाके निघाले की फिजिओथेरपीवाली बाई रुग्णाला भिंतीसमोर उभं करते. बोटं भिंतीला टेकवायची आणि खेकड्यासारखी वर न्यायची. जिथं खांदा दुखेल तिथं थांबायचं, दहा आकडे मोजायचे, खाली यायचं. पेन्सिलनं खूण करून ठेवायची. उद्याची खूण बोटभर वर.

गावी गेल्यावर घराची भिंत चालेल का, असं रुग्ण विचारतो. मातीची आहे, खूण राहणार नाही.

ती म्हणते, खडूनं करा.