चर्चच्या तोंडी लढाईची भाषा कुठून आली?

नमस्कार. ख्रिस्ती प्रवचनात प्रेम, क्षमा, शांती यांच्या जोडीला ढाल, तलवार, शत्रू, विजय हे शब्दही सर्रास येतात. बाहेरच्याला हे खटकतं. माझ्या मते आतल्यालाही थोडं खटकायला हवं.

याचं मूळ बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं (म्हणजे मुक्तीचं) शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. चित्र सरळसरळ रोमी शिपायाचं आहे. आणि पत्र लिहिणारा पौल, म्हणजे सुरुवातीच्या चर्चचा प्रेषित, स्वतः बेड्यांत आहे, तसं तो सांगतोही. (पत्र पौलाचंच का, यावर अभ्यासकांत वाद आहे, तो आज बाजूला ठेवू.) म्हणजे ज्या सत्तेचा हा गणवेश, त्याच सत्तेचा हा कैदी! तो गणवेश उचलतो आणि आतून पार बदलून टाकतो. पायांत काय घालायचं? शांतीची सुवार्ता, म्हणजे आनंदाची बातमी. तलवार कसली? देवाच्या वचनाची. आणि हुकूम पुन्हा पुन्हा एकच: टिकून उभे राहा. 'चाल करून जा' असं तिथे कुठेच नाही.

हे उरस्त्राण आणि शिरस्त्राण आलंय बायबलमधल्याच, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५९व्या अध्यायातून. तिथे ते देव स्वतः चढवतो, कारण न्याय नाहीसा झालाय आणि मध्ये पडायला कोणी नाही.

आता इफिसकरांसच्या त्याच अध्यायातलं बारावं वचन. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, असं ते बजावतं. माझ्या लेखी सगळं रूपक या एका ओळीवर उभं आहे. समोरचा माणूस शत्रू नाही. लढा आहे दुष्टतेच्या अदृश्य शक्तींशी. ही ओळ गळली की काय होतं, ते इतिहासात दिसतं. १०९५ साली फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे पोप अर्बन दुसरे यांनी क्रुसेडची, म्हणजे जेरुसलेम जिंकण्यासाठीच्या धर्मयुद्धाची, हाक दिली. पुढच्याच वर्षी, जेरुसलेम अजून कोसो दूर असताना, ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्त्स शहरांत ज्यूंच्या कत्तली झाल्या. १०९९ मध्ये जेरुसलेम पडलं आणि तिथेही तेच. अंगावर क्रूस होता, हातात खरी तलवार होती.

याच भाषेचा अगदी उलटा वापरही झालाय. विल्यम बूथ यांनी १८६५ मध्ये लंडनच्या गरीब वस्तीत काम सुरू केलं, १८७८ मध्ये त्याचं नाव झालं मुक्तिफौज. जनरल, कॅप्टन, गणवेश, झेंडे, सगळा थाट लष्करी. पण मोहीम कोणावर? भूक, दारू, बेघरपणा. मला तो बँडबाजा जरा भडक वाटतो, पण बारावं वचन त्यांनी सोडलं नाही.

आणखी एक लाडकं वाक्य येशूचं, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायातलं: अधोलोकाच्या द्वारांचं मंडळीपुढे (म्हणजे चर्चपुढे) काही चालणार नाही. यावर बरेच प्रवचनकार म्हणतात, दार काही हल्ला करत नाही, म्हणजे चढाई मंडळीनेच करायची. ऐकायला झकास! मला मात्र ते ताणलेलं वाटतं. यशया ३८ मध्ये आजारी हिज्किया राजा अधोलोकाच्या द्वारांबद्दल बोलतो, तेव्हा त्याला मृत्यू म्हणायचा असतो. येशूचं वाक्य तसं वाचलं तर ते आश्वासन आहे: मृत्यू या मंडळीला गिळू शकणार नाही.

मीठ, प्रकाश, खमीर, मासे धरणारे, ही येशूची रूपकं तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांतल्या मीठ आणि खमिराचं काम तर गाजावाजा न करता चालतं. २०१३ च्या एका मुलाखतीत पोप फ्रान्सिस यांनी चर्चला युद्धानंतरचं रणांगणावरचं इस्पितळ म्हटलं. माणूस गंभीर जखमी असताना त्याचं कोलेस्टेरॉल काय विचारता, आधी जखमा बऱ्या करा, असा त्यांचा रोख. गंमत अशी की इथेही रणांगण आहेच. फक्त चर्चची जागा बदलली.

बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, शिपाई येतो आणि लगेच त्याच्यामागे मल्ल आणि कष्टकरी शेतकरी. शिपायाला तिथे एकटं सोडलेलंच नाही. तुमच्या चर्चमध्ये शेतकऱ्यावर शेवटचं प्रवचन कधी झालं? कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात करिंथकरांच्या पत्रातलं शरीराचं रूपक घेऊ.