फूल देठापासून सुटते तेव्हा

(दृश्य : रामबाग, इंदूर. पहाट.)

इंदूरच्या रामबागेसारख्या जुन्या मराठी वस्तीत उजाडायच्या आधीच एक चोरी होऊन जाते. फिरायला निघालेले एखादे आजोबा छत्रीच्या मुठीने कुंपणाबाहेर झुकलेली जास्वंदीची फांदी ओढतात, चार फुले पिशवीत टाकतात आणि पुढे चालू लागतात. कोणी हटकलेच, तर उत्तर तयार असते : ‘देवाला वाहायची आहेत, यात चोरी कसली?’

कायद्याचे मत वेगळे आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३०३ मधील चोरीची व्याख्या मुख्यतः १८६० च्या दंडसंहितेतूनच आलेली आहे. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने नेण्यासाठी हलवली, की चोरी झाली. झाडावरचे फूल जमिनीला जोडलेले असल्यामुळे जंगम नसते. ते देठापासून सुटते त्या क्षणी जंगम होते आणि खुडणे हेच चोरणे ठरते. व्याख्येखालची उदाहरणे तर एखाद्या मिश्कील माणसाने लिहिली असावीत असे वाटते. खिशात खाऊ ठेवून शेजाऱ्याचे कुत्रे पळवायचे ठरवले, तर ते मागे चालू लागताच चोरी पूर्ण होते. दुरुस्तीची मजुरी थकली म्हणून दुकानदाराने अडकवून ठेवलेले घड्याळ, त्याचे तारण बुडवण्याच्या हेतूने परस्पर उचलून आणले, तर माणूस स्वतःच्याच घड्याळाचा चोर ठरतो. कारण येथे प्रश्न मालकीचा नसून ताब्याचा आहे.

हेतू कोणता, हे कायदा विचारतो. तो हेतू मनात कसा शिरला, हे शोधणे व्याख्येचे काम नाही.

(दृश्य : सराफा बाजार. दुकाने मिटत आहेत, ओट्यांवर कढया चढत आहेत.)

राजवाड्याजवळच्या सराफ्यात दिवसा सोने विकले जाते आणि रात्री त्याच ओट्यांसमोर खवय्यांची झुंबड उडते. त्या गर्दीतल्या पाकीटमाराचे गणित सरळ असते. तो त्याचा धंदा आहे. अवघड प्रश्न आहे तो वर्षानुवर्षे तिजोरीची किल्ली सांभाळणाऱ्या विश्वासू माणसाचा. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड क्रेसी यांनी अफरातफरीसाठी तुरुंगात गेलेल्या माणसांशी बोलून १९५३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. कोणालाही सांगता न येणारी पैशाची अडचण आणि ती गुपचूप सोडवण्याची संधी एवढ्याने भागत नाही, असे त्यांना आढळले. त्या माणसाला स्वतःशी बोलण्यासाठी एक शब्दही लागतो. बहुतेकदा तो शब्द ‘उसने’ हा असतो, आणि पैसे परत ठेवण्याचा दिवस पुढे पुढे जात राहतो.

आजोबांचा ‘देव’ त्याच जातीचा शब्द आहे, फक्त किंमत चार फुलांची. तारेवर आकडा टाकणारा ‘वीज सरकारची आहे’ असे म्हणतो. २००३ च्या वीज कायद्याचे कलम १३५ त्याला चोरीच म्हणते. गरज नसलेली वस्तू अनावर ओढीने उचलणारा, क्लेप्टोमॅनिया जडलेला रुग्ण तेवढा यात बसत नाही. त्याच्याकडे बहुधा सबब नसते, नंतरची शरम असते.

शब्द चोरच शोधतात असेही नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती ‘गुन्हेगार’ ठरवल्या, आणि जन्मालाच आरोप चिकटला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले, आणि पुसलेला शब्द लोकांच्या तोंडून अजून गेलेला नाही.

(दृश्य : जामघाट. खाली निमाडचा सखल मुलूख.)

माळवा आणि निमाड यांच्यामधल्या या डोंगरांत अठराव्या शतकात व्यापारी लुटले जात. १७६७ ते १७९५ या काळात होळकरांचा कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाईंनी भिल्लांना आधी समजावून पाहिले, मग जरब बसवली. पण त्यावर त्या थांबल्या नाहीत. डोंगरवाटेने जाणाऱ्या मालावर अल्पशी पट्टी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. तिला भिलकवडी म्हणत. त्या बदल्यात पडीक जमीन कसायची आणि आपल्या हद्दीत वाटसरू लुटला गेला, तर त्याचा जाब द्यायचा, हे काम भिल्लांकडेच आले.