तोंडमिळवणी : ताटातून आधी काय कमी करावे?

अध्यक्ष महोदया आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ ही ओळ आपण इंदूरकर मोठ्या अभिमानाने म्हणतो. पण या काळ्या मातीच्या मुलखातही घरोघर टंचाईचे दिवस येऊन गेले आहेत. इथली हुकुमचंद मिल ही कापडगिरणी 1990 च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि तिच्या कामगारांची थकलेली देणी हाती पडायला 2023 चा डिसेंबर उजाडावा लागला. मधल्या तीस-एक वर्षांत पाटनीपुरा, परदेशीपुरा, नंदानगर या भागांतल्या कितीतरी स्वयंपाकघरांनी, त्यांत मराठी घरेही आली, पगाराविना महिना कसा काढायचा हे शिकून घेतले. 2020 च्या टाळेबंदीत हीच वेळ दुकानात काम करणाऱ्यांवर, रिक्षा चालवणाऱ्यांवर, खासगी शिकवण्या घेणाऱ्यांवर आली. मी गृहविज्ञान शिकवले आहे आणि विद्यार्थिनींच्या निमित्ताने अनेक घरांचे हिशेब पाहिले आहेत. पाककृती आपल्यापैकी बहुतेकांना माझ्याहून चांगल्या येतात, म्हणून आज मी एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे : पैसा कमी पडू लागला की ताटातले काय आधी कमी करावे आणि कशाला शेवटपर्यंत हात लावू नये?

उत्पन्न घटले की बहुतेक घरांत कपात एका ठरावीक क्रमाने होते. आधी फळे जातात, मग दूध निम्म्यावर येते, पाठोपाठ हिरव्या भाजीची जागा बटाटा घेतो आणि डाळीत पाणी वाढते. तेल, साखर, चहा, बिस्किटे आणि शेव यांना मात्र सहसा कोणी हात लावत नाही. वरण पातळ होत जाते आणि चहा तितकाच गोड राहतो. यात अडाणीपणा आहे असे मी म्हणणार नाही. साखर आणि तेल यांतून थोड्या पैशांत ऊर्जा मिळते, चहाने भूक काही काळ दबते, आणि डाळीचा किलोचा भाव एकदम डोळ्यांत भरतो, तर चहा-साखरेचा खर्च चमच्याचमच्याने विखुरलेला असल्यामुळे कळतही नाही. तरीही हा क्रम उलटा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. डाळ, शेंगदाणे आणि रोजची एक ताजी भाजी यांना सर्वांत शेवटी हात लावावा; तेल, साखर, विकतचे खाणे आणि गॅस यांवर मात्र पहिल्याच महिन्यापासून कात्री चालवावी.

याचे कारण शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या धान्याच्या हिशेबातच आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळते आणि 2023 पासून ते विनामूल्य आहे. ही सोय मोठी आहे. तिच्यामुळे असंख्य घरांतील चूल पेटती राहिली. पण 5 किलोला तीस दिवसांनी भागले तर माणशी रोज सुमारे 165 ग्रॅम धान्य येते. ते सगळे गहू धरले, तरी त्यातून साडेपाचशेच्या आसपास कॅलरी आणि अठरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे गरजेचा एक तृतीयांश भाग भागला. उरलेला भाग डाळी, शेंगदाणे, दूध किंवा अंडी यांतूनच यायचा असतो, आणि घराचा पैसा खऱ्या अर्थाने लागतो तो तिथे. पोळी किंवा भाताने पोट भरते, त्यामुळे डाळीची उणीव लगेच जाणवत नाही. ती जाणवते वाढत्या वयाच्या मुलात आणि बाळंतिणीत, तीही काही महिन्यांनी.

म्हणून महिन्याच्या सुरुवातीला किराणा भरताना आधी डाळ बाजूला काढावी आणि मग इतर गोष्टींकडे वळावे. तूर महाग असेल तेव्हा तुरीसाठी अडून बसण्याचे कारण नाही. मसूर आणि हरभऱ्याची डाळ प्रथिनांच्या बाबतीत तुरीपेक्षा कमी नाहीत आणि बहुतेक वेळा स्वस्त पडतात. रोजच्या वरणात अर्धी तूर आणि अर्धी मसूर घातली, तर चवीत फारसा फरक पडत नाही. आपल्या आज्या ज्या बेसनाच्या पिठल्यावर घर चालवत, ते पिठले आजही या हिशेबात पहिल्या क्रमांकाचे आहे : वाटीभर पीठ, चार वाट्या पाणी, एक कांदा, हिरवी मिरची आणि पळीभर तेलाची फोडणी एवढ्यावर दहा मिनिटांत चार माणसांचे कालवण होते. डाळीतल्या प्रथिनांत जे घटक कमी असतात ते धान्यात असतात आणि धान्यात जे कमी असतात ते डाळीत. म्हणून पिठले-भाकरी किंवा खिचडी हे गरिबीचे जेवण मानण्याची आपली सवय निराधार आहे. कडधान्यांना मोड आणले की त्यांतले क जीवनसत्त्व वाढते आणि लोह शरीराला अधिक मिळते. मात्र उसळीवर लिंबू पिळण्याची सवय असू द्या आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, कारण चहा अन्नातल्या लोहाचे शोषण रोखतो.

सोयाबीनविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण या विषयात मालव्याइतकी उपरोधाची गोष्ट दुसरीकडे नसेल. आपल्या भोवतालची शेते खरिपात सोयाबीनने भरलेली असतात, सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र 1987 मध्ये आपल्याच शहरात सुरू झाले. तरीही इथल्या मराठी स्वयंपाकघरात सोयाबीन येते ते तेलाच्या पिशवीतून, आणि तेल काढल्यावर राहणारी प्रथिने पशुखाद्यात आणि निर्यातीत जातात. सोयाबीनमध्ये सुमारे चाळीस टक्के प्रथिने असतात, कोणत्याही डाळीपेक्षा पुष्कळच अधिक. कच्च्या दाण्यात मात्र प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच निष्प्रभ होतात. म्हणून दाणे नुसते दळून वापरू नयेत. ते उकळत्या पाण्यात टाकून वीस-पंचवीस मिनिटे उकळावेत, पाणी फेकून द्यावे, दाणे कडक उन्हात खडखडीत वाळवावेत आणि नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात मिसळून गिरणीत द्यावेत. अशा पिठाच्या पोळ्यांतील प्रथिने साध्या गव्हाच्या पोळ्यांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने वाढतात. कणीक भिजवताना पाणी थोडे अधिक लागते आणि दाणे नीट उकळले असतील तर वासाची तक्रार राहत नाही. सोया वड्या मिळतात त्याही चांगल्या आहेत, फक्त गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळल्याशिवाय भाजीत घालू नयेत.

आता कात्री कुठे चालवायची ते पाहू. पहिली तेलावर. आरोग्याच्या दृष्टीने माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर तेल पुरेसे मानतात, म्हणजे चार माणसांच्या घराला दोन लिटर. आपल्याकडच्या तळणाची आणि फोडणीची सवय पाहता हा आकडा पुष्कळांना अशक्य वाटेल. उपाय साधा आहे : महिन्याचे तेल आणले की त्यातले आठवड्याचे तेल बुधलीत ओतून ठेवावे आणि ती रिकामी झाली की पुढच्या आठवड्याच्या वाट्याला हात लावू नये. फोडणी पळीने मोजून करावी. डब्यातून थेट कढईत ओतलेले तेल कधीच मोजले जात नाही. इंदूरचे पोहे याबाबतीत आपले गुरू आहेत. ठेल्यावर ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेने गरम ठेवतात, त्यामुळे थोड्या तेलातही मऊ राहतात. वरून शेवेचा जो डोंगर पडतो, त्यातच वाचवलेले तेल पुन्हा परत येते, हा भाग वेगळा! आणि दाल-बाफल्यांत, म्हणजे डाळीबरोबरच्या कणकेच्या उकडून भाजलेल्या गोळ्यांत, तूप कमी घाला असे सांगायला मी आलेली नाही. ते महिन्यातून एकदा करा आणि नीट करा.

दुधात बचत करायची तर प्रमाण कमी करण्याआधी प्रकार बदलून पाहावा. फुल क्रीम दुधात सहा टक्के आणि टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्धांश असतो. प्रथिने जवळजवळ सारखीच. ज्या घरात साय साठवून लोणी कढवतात, त्यांचा हिशेब अर्थातच निराळा होईल. तुपाची बेरी कणकेत मळून टाकणाऱ्या गृहिणीला मी काही शिकवावे असे नाही.

इंधनाकडे आपले लक्ष कमी असते, कारण 14.2 किलोचे सिलिंडर एकदा लावले की ते संपेपर्यंत खर्च दिसत नाही. पाणी उकळायला लागले की पुढे ज्वाला कितीही मोठी केली तरी त्याचे तापमान वाढत नाही, फक्त वाफ अधिक उडते आणि गॅस जळतो. म्हणून उकळी आली की आच मंद करावी आणि झाकण ठेवावे. कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते, त्यामुळे डाळ फार कमी वेळात शिजते. पण पहिली शिट्टी झाल्यावरही गॅस मोठाच ठेवला तर तो सगळा फायदा शिट्टीवाटे निघून जातो. हरभरे, राजमा, छोले रात्री भिजत घातले तर शिजवण्याचा वेळ बराच कमी होतो. शक्य असेल तिथे कुकरच्या एकाच फेरीत वरण, भात आणि बटाटे उरकून घ्यावेत.

काटकसरीवर बोलताना सालांच्या चटण्यांचा विषय निघतोच. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या साली, फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या आणि कलिंगडाच्या सालीखालचा पांढरा भाग यांच्या पाककृती मलाही आवडतात. पण कोंड्याचा मांडा करण्याच्या या हौसेतच बचत आहे असा गैरसमज नको. दोन मुठी साली परतायला तीन चमचे तेल आणि पंधरा मिनिटे गॅस लागत असेल, तर ती चटणी चविष्ट असेल, स्वस्त खास नाही. मुळ्याचा पाला आणि फ्लॉवरची कोवळी पाने मात्र खरी भाजी आहेत आणि ती फेकणे म्हणजे पैसे फेकणे. आपल्या शहरात ओला कचरा वेगळा द्यावा लागतो आणि 2022 पासून देवगुराडियाच्या प्रकल्पात त्याचा जैव-सीएनजी होतो. सुरू झाला तेव्हा त्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला 550 टन होती. गाडी येण्याआधी आपल्या हिरव्या बादलीत महिनाभर रोज डोकवावे. साली दिसल्या तर खुशाल जाऊ द्या. शिजवलेला भात, पोळ्या आणि सडलेली कोथिंबीर दिसली, तर खर्चाचे भोक तिथे आहे.

शिळ्या अन्नाचे सगळे प्रकार आपल्याला पाठ आहेत : फोडणीची पोळी, गूळ-तूप घालून केलेला पोळीचा लाडू, ताकातला भात, उरलेल्या वरणात मळलेली थालीपिठे. एक सावधगिरी मात्र मी आग्रहाने सांगते. शिजलेल्या भातात जगून राहणारे बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू उबदार हवेत वेगाने वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. इंदूरच्या उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देणे ही बचत महाग पडते. भात उरला की पसरट ताटात लवकर निववावा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात रात्री पोळ्या कराव्यात आणि भात मोजकाच टाकावा.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभी राहिले, तिच्याकडे वळते. 1965 मध्ये अन्नधान्याची चणचण असताना पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारचे रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि असंख्य घरांनी ते पाळले. त्या उपवासात घरातले सगळे सामील होते आणि तो सांगून-सवरून होता. घरोघरच्या टंचाईत मात्र एकच व्यक्ती मुकाट्याने उपवास करत असते. ती सर्वांना वाढून शेवटी बसते, तळाशी उरलेले पाणीदार वरण घेते आणि ‘मला भूकच नाही’ म्हणते. अशा घराचा किराणा पुरतो, आपण तिच्या नेटक्या संसाराचे कौतुक करतो, पण त्या पुरवठ्यात तिच्या रक्तातले लोह खर्च झालेले असते. या बचतीला मी काटकसर मानत नाही. म्हणून माझी सूचना अगदी व्यवहाराची आहे : वरण, उसळ आणि भाजी पातेल्यातून वाढण्याआधी माणसांच्या संख्येइतक्या वाट्यांत भरावी, स्वयंपाक करणारीची वाटी पहिली भरावी, आणि सगळ्यांनी एकत्र बसावे. पातेले टेबलावर ठेवले की ज्याला लाज कमी त्याला वाटा अधिक मिळतो. सासूबाई किंवा सासरे यांना हे आधी रुचत नाही. वाटी भरायचे काम त्यांच्याचकडे सोपवले की ती अडचण बहुधा सुटते.

आणि जिथे मिळकतच मुळात अपुरी आहे, तिथे वाटी कितीही नेमकी भरली तरी ती भरणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. मिलच्या वस्त्यांतल्या बायकांना पिठले करता येत नव्हते म्हणून त्यांची ओढाताण झाली नाही; त्यांच्या घरचा पगार थांबला होता. स्वयंपाकघराने मजुरीचा प्रश्न सोडवावा अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

शेवटी सणाचा प्रश्न उरतो, कारण तो दरवेळी विचारला जातो : ओढगस्तीच्या वर्षी होळीला पुरण करावे की नाही? माझे उत्तर ‘करावे’ असे आहे. हरभऱ्याची डाळ महाग नाही, गूळ मोजून घेता येतो, आणि डाळ शिजवलेले पाणी कटाच्या आमटीत कामी येते, त्यामुळे एकाच पातेल्यात शिजलेल्या डाळीवर पोळी आणि कालवण दोन्ही होतात. बरोबर कुरडया तळायच्या असतील, तर त्या आठवड्याच्या बुधलीतले तेल आधीच तेवढे राखून ठेवावे.