चाकूंचे भाव वाढले, म्हणून मी चाकू विकले

नमस्कार मंडळी. आज कॅमेरा जरा खाली लावलाय. बघायचंय ते माझ्या तोंडाकडे नाही, या पेटीकडे.

(पेटी उघडतो.)

सागाची आहे, आजोबांची. त्यांचं दाढीचं सामान असायचं यात. गेली बारा-तेरा वर्षं माझे घडीचे चाकू असतात. दिवाळीपर्यंत ४७ होते. आत्ता मोजा, १९. बाकीचे २८ गेले. कसे गेले, किती आले आणि का विकले, ते सांगतो.

तुमच्यातल्या निम्म्यांच्या मनात एकच प्रश्न असणार. भाव वाढतायत ना? मग धरून ठेव की, विकतोस कशाला! माझे मेहुणे हेच म्हणाले, वर सोन्याचा दाखला दिला. मी म्हटलं, भावजी, सोनं घेऊन सराफाकडे गेलात तर तो वजन करून त्या दिवशीच्या भावाने पैसे देतो. दहा चाकू घेऊन गेलात तर तो आधी शटर ओढेल.

भाव वाढलेत हे मात्र खरं. माझ्याकडचे बहुतेक चाकू स्विस, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचे. २०१५ च्या सुमारास एक स्विस फ्रँक साधारण पासष्ट-सदुसष्ट रुपयांना पडायचा. २०२५ मध्ये तो शंभरी ओलांडून पुढे गेला. म्हणजे चाकू तोच, कारखाना तोच, एक स्क्रूही बदललेला नाही आणि आपल्याला तो दीडपटीने महाग. कंपनीने दर वाढवले ते वेगळेच. न्यू जर्सीतल्या आत्तेभावाकडून मागवायची सोय होती, तर ७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने स्विस मालावर ३९ टक्के आयातशुल्क लावलं. नोव्हेंबरात ते १५ वर आणायचं ठरलं, पण दुकानदाराने एकदा चढवलेली किंमत कधी खाली आलेली पाहिलीय का कुणी?

अमेरिकन चाकूंची गंमत वेगळी. एस-३०-व्ही, मॅग्नाकट अशी नावं ऐकली असतील तुम्ही. पावडरपासून बनवलेली ही पोलादं, धार फार टिकते. ती बनवणारी सिरॅक्यूजची क्रुसिबल कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या रात्री सुतक आणि साठेबाजी एकदमच सुरू झाली.

साठेबाजी मीही केली, आणि तिथेच घोटाळा झाला.

(चाकू हातात घेतो.)

हा पायोनियर, व्हिक्टोरिनॉक्सचाच. मिटलेला ९३ मिलिमीटर, मूठ अ‍ॅलॉक्सची, म्हणजे अ‍ॅनोडाइज केलेलं, विजेच्या प्रक्रियेने वरचा थर कडक केलेलं अ‍ॅल्युमिनियम. बारीक खडबडीत नक्षी दिसतेय? ओल्या हातातूनही निसटत नाही. २०१३ मध्ये सतराशेला घेतला, आयुष्यातला पहिला. याने मी गावी रायवळ आंबे कापलेत, पंपाच्या वायरी सोलल्यात, आणि हा इथे कोपऱ्यात पोचा आलाय तो चिपळूण स्टेशनच्या पायरीवर पडल्याचा. पुढे किंमत वाढायला लागली तसा दुसरा घेतला. मग तिसरा. शेवटी पाच पायोनियर झाले. एक वापरायला, एक जपायला आणि तीन ‘उद्या महाग होतील’ म्हणून.

मागच्या गणपतीत बायकोने हाक मारली, पार्सल आलंय, जरा चिकटपट्टी काप. पायोनियर खिशातच होता. काढला, उघडला आणि परत मिटला. म्हटलं, डिंक लागेल पात्याला. उठून स्वयंपाकघरातून भाजीची सुरी आणली. ती बघत होती. म्हणाली, “मग हे काय देवघरात ठेवायला घेतलेत?”

उत्तर नव्हतं माझ्याकडे. सतराशेचा होता तेव्हा याने मी वाट्टेल ते कापत होतो. आज त्याचा भाव दुपटीच्या वर गेला, तर तोच चाकू मला चिकटपट्टीलाही महाग वाटायला लागला. भाव चाकूचा वाढला आणि भ्यायला मी लागलो.

मग एका रविवारी सगळे ४७ सतरंजीवर मांडले. एकेक उचलायचा आणि डोक्यात पहिलं काय येतं ते चिठ्ठीवर लिहायचं. ‘याने काजूची बोंडं कापली’ असं आलं तर तो डावीकडे. ‘हा आता मिळत नाही’, ‘हा आता सात हजाराला आहे’ असं आलं तर उजवीकडे. दुसरा काही नियम नाही. उजवीकडे २९ झाले. त्यातल्या एकाचं शेवटी सांगतो.

आता पैशांचं. २८ चाकूंचे मिळून आले ६१,४००. आज ते नवे घ्यायचे तर याच्या दुपटीला थोडेच कमी पडतील. म्हणजे नव्याच्या निम्म्याहून जरा जास्त हाती आलं. नव्याची किंमत वाढली की आपल्याही चाकूची तितकीच वाढते, हा समज डोक्यातून काढा. घेणारा आधी खोका मागतो, मग बिल मागतो, मग पातं उजेडात धरतो. माझ्याकडे एक कॉलेजातला मुलगा आला होता, जेमतेम वीस वर्षांचा. त्याने क्लाइंबर, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्सचाच एक चाकू, हातात घेतला, पातं उघडून कानाजवळ नेलं आणि मिटवलं. टक्. मान हलवली. मग टोकाकडे बघून म्हणाला, “काका, धारेच्या दगडावर लावलाय ना?” मी लावला होता. टोक दीड मिलिमीटरने खाली आलं होतं. त्या दीड मिलिमीटरचे त्याने पाचशे कापले, आणि बरोबर कापले.

एक गोष्ट आवर्जून सांगायचीय. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू परवान्याच्या यादीत येतो. घरगुती किंवा शेतीकामासाठी बनवलेला असेल तर गोष्ट वेगळी. आपले हे खिशातले त्याच्या जवळपासही नाहीत. पण पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली अधूनमधून मनाई आदेश निघतात. ‘शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, सुरे’ अशी ती यादी असते. तेव्हा दहा चाकूंची पिशवी घेऊन स्टेशनवर कुणाला भेटायला जाऊ नका. मी सगळ्यांना घरी बोलावलं, चहा पाजला. आणि समोरचा अठराच्या आतला वाटला तर सरळ नाही म्हटलं.

विकायला काढल्यावर आणखी एक लक्षात आलं. कोकणात आणि ठाण्यात चाकू ‘जपून’ राहतच नाही. हा ओपिनेल बघा, फ्रान्सच्या सावोआचा, ८ नंबरचा. मूठ बीचच्या लाकडाची, पातं कार्बन पोलादाचं. जुलै लागला की लाकूड फुगतं आणि पातं आत असं घट्ट बसतं की नखाने उघडत नाही. मग मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठोकायचं. असं. बघा, पातं जरासं बाहेर आलं. ही युक्ती तिथल्या लोकांचीच आहे, त्यांनी ती मुंबईच्या पावसासाठी काढली नसणार. रोज वापरता तेव्हा हाताचं तेल लागतं, पातं काळपट निळं होतं आणि टिकतं. मी जपून ठेवलेल्या दुसऱ्या ओपिनेलला एका पावसाळ्यात लाल ठिपके आले. तो फुकटच दिला, माळीकाकांना. ते त्याने गुलाबाची कलमं करतात. २८ मध्ये तोही धरलाय.

राहिलेल्यांतला एकच दाखवतो, बाकीचे पुढे कधीतरी.

हा स्विस सैनिकाचा चाकू. १८९१ मध्ये स्विस सैन्याला नव्या रायफली खोलायला स्क्रूड्रायव्हर हवा होता आणि डबे उघडायला ओपनर. पहिली खेप जर्मनीतल्या सोलिंगेनहून आली, कारण देशात तेवढा माल काढणारा कोणी नव्हता. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्याच इबाख गावच्या कार्ल एल्सनरने स्वतःचे चाकू सैन्याला द्यायला सुरुवात केली. तीच पुढे व्हिक्टोरिनॉक्स. हा अ‍ॅलॉक्स मुठीचा प्रकार १९६१ ते २००८ सैन्यात होता. पात्याच्या बुडाशी, जरा जवळ आणतो, ‘८२’ दिसतंय? ते बनवल्याचं वर्ष. माझंही तेच. कुठल्यातरी स्विस पोराने सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणात याने डबे उघडले असतील, कारण ओपनरची कड झिजलीय. खोका नाही, बिल नाही, मुठीवर कुणाची तरी खुणेची रेघ आहे. याने काल मी नारळाची शेंडी काढली.

आणि उजवीकडचा तो एकोणतिसावा.

(पितळी टोकांचा चाकू टेबलावर ठेवतो.)

बक ११०. अमेरिकन, १९६४ पासून बनतोय, वजन दोनशे ग्रॅमच्या वर. खिशात ठेवला तर पँट एका बाजूला उतरते. आत्तेभावाने आणला होता, चेक-इन बॅगेत, मोज्यात गुंडाळून. मी कौतुकाने चामड्याच्या म्यानातच ठेवला. दोन पावसाळ्यांनी काढला तर पितळ हिरवं. चामडं ओल धरतं आणि पितळ खातं, त्यामुळे म्यान आणि चाकू वेगळे ठेवायचे, एवढं तरी माझ्यावरून शिका. हिरवा थर चिंच लावून काढलाय, चकाकतोय आता. गिऱ्हाईकही आहे, नाशिकचं. चिठ्ठीवर मी ‘जड’ एवढंच लिहिलं होतं.

पण आत्तेभाऊ हे चॅनेल बघतो. दादा, व्हिडिओ इथपर्यंत बघितला असशील तर फोन कर. नाशिकवाल्याला मी रविवारपर्यंत थांबवलंय.