पट्ट्यावरचा लेप

पडद्यावर दिसणारी ही रेघ नुकत्याच दगडावर पाजळलेल्या सुरीची धार आहे. भिंगाखाली धरली की तिच्या एका अंगाला वळलेला धातूचा पातळ पापुद्रा स्पष्ट दिसतो. कारखान्यात त्याला ‘बर’ म्हणतात. हा पापुद्रा उतरवण्यासाठी आणि दगडाचे ओरखडे बारीक करण्यासाठी सुरी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतात. नुसते चामडेही थोडेफार काम करते, परंतु पोलाद खरे झिजवतो तो त्यावरचा लेप, आणि तो निवडताना बहुतेक जण रंग पाहतात, पोलाद पाहत नाहीत.

लेपाच्या हिरव्या वडीचेच घ्या; ती पट्ट्यावर घासून लावतात. तिचा रंग क्रोमियम ऑक्साइडचा असतो आणि या द्रव्याची चांगली भुकटी साधारण अर्ध्या मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते; मात्र मेणात घोळवलेल्या अनेक वड्यांत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे मोठे कणही मिसळलेले असल्यामुळे सारख्याच हिरव्या दिसणाऱ्या दोन वड्या अगदी वेगळी धार देऊ शकतात. लाल वडी लोह ऑक्साइडची. ती सोन्याचांदीच्या झिलईला शोभते. कडक पोलादावर तिचा फारसा उपयोग नाही.

साध्या कार्बन पोलादाला हिरवा लेप पुरतो. खरी अडचण येते ती व्हॅनेडियम हा धातू भरपूर मिसळलेल्या पोलादात, कारण त्यातले व्हॅनेडियम कार्बाइडचे (व्हॅनेडियम आणि कार्बनच्या संयुगाचे) कण ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कठीण असतात. अशा पात्यावर मऊ लेप घासला, तर कणांभोवतीचे पोलाद झिजते, कण मात्र तसेच राहतात आणि पाते चकाकले तरी धार चढत नाही. तेथे हिऱ्याचा किंवा क्यूबिक बोरॉन नायट्राइड या हिऱ्याखालोखाल कठीण कृत्रिम द्रव्याचा लेप हवा. त्यातही पाव मायक्रॉनचा मोह टाळावा. १००० क्रमांकाच्या दगडाचे (क्रमांक जितका मोठा, तितके दगडाचे कण बारीक) ओरखडे इतक्या बारीक कणांनी मिटवायला बसणे म्हणजे निव्वळ हात दुखवून घेणे आहे. १ मायक्रॉनचा लेप बहुतेक सुऱ्यांना पुरेसा असतो.

आता पट्टा जवळून पाहू. हिऱ्याची पेस्ट मोहरीच्या दाण्याएवढ्या ठिपक्यांनी लावून बोटाने पसरली आहे. सुरीची पाठ पुढे, धार मागे. पाते सरकते तसे मागे काळे पट्टे उमटतात. ते झिजलेले पोलाद आहे. चामडे दबते, म्हणून जोर दिला किंवा फेरीच्या शेवटी पाते उचलताना मनगट वळले, तर धार गोलावते आणि दोष उगाच लेपाच्या माथी मारला जातो. एका पट्ट्यावर एकच लेप ठेवावा, कारण जाड कण एकदा चामड्यात रुतले की ते निघत नाहीत.

सहा फेऱ्यांनंतर तीच सुरी पुन्हा भिंगाखाली आहे. पापुद्रा गेला आहे, दगडाचे बारीक दाते अजून दिसतात. वस्तरा असता, तर आणखी बारीक लेपाकडे वळलो असतो. ही सुरी दोर कापण्यासाठी आहे, त्यामुळे दाते तसेच ठेवले आहेत.