टर्मिनलमध्ये ‘महाराष्ट्र’ किती लांब?

मित्रहो, प्रोग्रामरच्या चिडचिडीवर बोलायला बसलं तर रात्र पुरायची नाही. म्हणून आज एकच तक्रार घेते: आपली रोजची हत्यारं आणि मराठी मजकूर.

‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या. शाळेतलं पोर सांगेल, अक्षरं चार. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा म्हणते 10, कारण ती काने आणि हलन्तही सुटे मोजते. यूटीएफ-8 या मजकूर साठवायच्या पद्धतीत जतन केला तर हाच शब्द 30 बाइट, म्हणजे साठवणीची 30 घरं खातो. देवनागरीच्या दर चिन्हाला तिथे 3 बाइट लागतात. तिघांचंही गणित बरोबर आहे. गोंधळ होतो तो एकाचा आकडा दुसऱ्याने वापरला की. कुणीतरी कोडमध्ये नाव 20 बाइटला छाटतो. 20 ला 3 ने भाग जात नाही. सहा चिन्हं धड उरतात, सातव्याचे दोन बाइट लोंबकळतात आणि पडद्यावर प्रश्नचिन्हाचा काळा ठोकळा उमटतो. तक्रार मात्र येते ‘फॉन्ट खराब आहे’ अशी. फॉन्टचा काय दोष?

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचंही तेच. फाइलला ‘मसुदा’ नाव द्या, गिटला बदलांची यादी (स्टेटस) विचारा: \340\244\256 अशी आकड्यांची माळ सुरू होते. हे फक्त ‘म’चे तीन बाइट, अष्टमान पद्धतीत, म्हणजे 0 ते 7 एवढेच अंक वापरून लिहिलेले. गिटमधली कोअर.कोटपाथ ही सेटिंग फॉल्स, म्हणजे बंद केली की नाव वाचता येतं. एका ओळीचं काम, पण कितीतरी जण ते न करता फाइलींना रोमन नावं देऊन मोकळे होतात.

टर्मिनलचं, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या त्या खिडकीचं दुखणं मात्र जुनं आहे. 1928 साली आयबीएमने 80 रकान्यांचं पंचकार्ड (भोकं पाडून माहिती साठवायचं कार्ड) आणलं. 1978 च्या व्हीटी100 या टर्मिनल यंत्रावरही नेहमीची ओळ 80 अक्षरांची. दर अक्षराला एक चौकोन, हा हिशोब तिथून आजवर चालत आला. आता त्या चौकोनात ‘ष्ट्र’ कोंबून दाखवा! कर्सर दिसतो एकीकडे, अक्षर उमटतं भलतीकडे, तक्त्याचे रकाने वाकडे. मी तर मराठी तक्ता टर्मिनलमध्ये बघायचा नादच सोडलाय. सरळ ब्राउझरमध्ये उघडते.

2023 मध्ये युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या मानकाच्या 15.1 आवृत्तीने जोडाक्षर मधे तोडू नये असा नियम केला, तो हळूहळू लायब्ररींमध्ये, म्हणजे प्रोग्रामर वापरतात त्या तयार कोडमध्ये झिरपतोय. चांगलंच आहे. पण उत्साही मंडळींना एक विनंती. हा नियम कर्सर हलवताना पाळा, मजकूर छाटताना पाळा. बॅकस्पेसला मात्र लावू नका. शेवटचा ‘र’ चुकला तर मला तेवढाच पुसायचा असतो, अख्खा ‘ष्ट्र’ पुन्हा टाइप करायचा नसतो.